कोरड्या फडक्याने तीन वेळा

पेणजवळच्या गडब गावात घरतांच्या घरी ऑक्टोबरभर फ्रिजच्या दारावर एक तक्ता चिकटवलेला होता. उभे पाच रकाने, आडव्या चार ओळी. रकान्यांच्या डोक्यावर मार्करांची नावं, ओळींच्या सुरुवातीला पाट्यांचे प्रकार, आणि प्रत्येक चौकटीत तिरक्या रेघांनी वेगळे केलेले तीन आकडे. सर्वांत खाली तारीख आणि छोटी सही : मृ. घ.

पाणी प्यायला आलेला प्रत्येक शेजारी तो तक्ता वाचायचा प्रयत्न करायचा आणि सरूबाईंकडे बघायचा. सरूबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आमच्या सुनेची कंपनी आता घरी आली हाय," एवढंच त्या सांगायच्या.

सून म्हणजे मृणाली निकेश घरत. वय एकतीस. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं काम करते. टाकीतून आलेला नमुना तपासायचा, आकडा नोंदवायचा, आकडा बसला तर माल पुढे, नाही बसला तर मागे. सकाळी सव्वासातला हायवेवर कंपनीची बस येते, संध्याकाळी सहाला तीच बस तिला सोडते. नवरा निकेश त्याच वसाहतीत दुसऱ्या कंपनीत ऑपरेटर आहे आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. सासूबाई, म्हणजे सरूबाई, सव्वीस वर्षं मिठागरावर होत्या. गुडघे गेले तेव्हा घरी बसल्या.

मृणालीचं माहेर खाडीकाठचं. तिथल्या बांधाला सहा वर्षांपूर्वी खांड गेली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं. बांध नंतर दुरुस्त झाला, पण चार पावसाळे गेले तरी जमिनीतला खार उतरला नाही. तो किती वर्षांनी उतरतो, कशाने लवकर उतरतो, असं तिने कंपनीतल्या माणसांना विचारलं, कृषी कार्यालयात विचारलं, आणि सगळीकडून अंदाज मिळाले. अंदाजांवर तिचं भागत नाही. त्यातून तिला खाऱ्या जमिनीचं आणि पाण्याचं रसायनशास्त्र शिकवणारे परदेशातले दोन अभ्यासक्रम सापडले. शिष्यवृत्तीसकट. त्यासाठी एक प्रवेश परीक्षा द्यायची होती आणि तिच्या गणिताच्या भागात किमान सत्तर गुण लागत होते. अर्जाची शेवटची तारीख एक डिसेंबर.

घरात एक गोष्ट ठरली होती. निकेशने घातलेली अट नव्हती ती, मृणालीने स्वतःच ठरवलेली होती : या वर्षी जमलं तर जायचं, नाही जमलं तर विषय बंद. दर वर्षी पुन्हा बसायचं, पुन्हा वाट बघायची, असं तिला करायचं नव्हतं.

परीक्षा घरच्या घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर देता येते. कुठेतरी दूर बसलेला निरीक्षक कॅमेऱ्यातून सतत पाहत असतो. खोलीत दुसरं कोणी नको, टेबलावर कागद नको, पेन नको. कच्च्या कामासाठी एक लहान पांढरी पाटी आणि पुसता येणारा मार्कर चालतो. परीक्षा संपली की पाटी कॅमेऱ्यासमोर पुसून, कोरी झालेली दाखवायची. प्रश्न बाहेर जाऊ नयेत म्हणून हा नियम.

मृणालीने हा नियम वाचला आणि तिला त्यात काही अवघड दिसलं नाही. अडचण तिथेच झाली.

प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांवर मार्करने लिहितात. नमुना क्रमांक, बॅच, वेळ. हा मार्कर पक्का असतो. पाण्याने जात नाही, हाताने जात नाही. काम झालं की अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवायचा, काच स्वच्छ. नऊ वर्षं रोज हे केलेल्या माणसाला न पुसता येणारा मार्कर ही गोष्टच माहीत नसते; त्याच्या लेखी प्रश्न फक्त कशाने पुसायचं एवढाच असतो. फळ्याचा साधा मार्कर तिने घरी वापरून पाहिला होता आणि नाकारला होता, कारण लिहिताना हाताची कड लागली तरी आकडा फासला जात होता. फासला जाणारा आकडा ही तिच्या व्यवसायात चूक समजली जाते. म्हणून तिने काचेवरचा पक्का मार्कर विकत आणला, आणि अ‍ॅसिटोन गेटबाहेर नेता येत नाही म्हणून गडबच्या मेडिकलमधून स्पिरिटची छोटी बाटली.

पहिली परीक्षा सप्टेंबरात होती, पितृपक्षातल्या रविवारी. या दिवसांत नवं काम काढू नये, असं सरूबाईंनी एकदा सांगून पाहिलं. परीक्षेच्या तारखा पितृपक्ष बघून लागत नाहीत, असं निकेश म्हणाला.

सुरुवातीला निरीक्षकाने कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगितला. बाटली दिसली. त्यात काय आहे, असं त्याने विचारलं. मृणालीने खरं सांगितलं : स्पिरिट, पाटी पुसायला. कुठलंही द्रव खोलीत चालणार नाही, असं उत्तर आलं. बाटली बाहेर गेली. ती सरूबाईंच्या हातात देताना मृणालीला पुढे काय होणार ते कळलं होतं, पण परीक्षा सुरू करायची की सोडायची हे ठरवायला तिच्याकडे मिनिटही नव्हतं. तिने सुरू केली.

दोन तासांनी निरीक्षकाने पाटी पुसायला सांगितली. तिने फडक्याने घासली. ओढणीने घासली. शेवटी बोट थुंकीने ओलं करून घासलं. आकडे होते तसेच राहिले, फक्त पाटी घामेजल्यासारखी दिसू लागली. चार मिनिटं हे चाललं. निरीक्षक सभ्य होता. त्याने काही नोंद केली, आभार मानले आणि संपर्क तोडला. दहा दिवसांनी मेल आली. नियमभंगामुळे निकाल रद्द.

निकेश दुसऱ्या शिफ्टला निघाला होता, बूट घालत होता. त्याने मेल वाचली, फोन परत दिला आणि म्हणाला, "अख्ख्या धाटावचा डाग काढणारी बाई. पाटी पुसता आली नाय."

मृणाली हसली नाही, पण रागावलीही नाही. त्यांच्यात हे चालतं.

कंपनीत ही गोष्ट एकाच माणसाला माहीत होती. प्रयोगशाळेचे प्रमुख दिनानाथ कर्णिक. रोह्याचे, वय अठ्ठावन्न. अर्जाला त्यांचं शिफारसपत्र लागणार होतं, म्हणून त्यांना सांगणं भाग होतं. कर्णिकांनी सगळं ऐकून घेतलं. सहानुभूती वगैरे दाखवली नाही. नमुना नापास झाला की ते ज्या सुरात विचारतात त्याच सुरात त्यांनी विचारलं, "पुसता येणारा, एवढंच लिहिलं होतं. कशाने, ते कुठे लिहिलं होतं?"

"नव्हतं लिहिलं, सर."

"मग विचारायचं. पद्धत अर्धी वाचून चाचणी लावलीस."

पुढची आणि अर्जाच्या मुदतीत बसणारी शेवटची सोयीची तारीख ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारची होती. दिवाळी संपलेली, तुळशीची लग्नं लागलेली नाहीत. त्यानंतरच्या तारखाही होत्या, पण तुळशीचं लग्न लागलं की गावात हळदी सुरू होतात आणि हळदीच्या स्पीकरपुढे कोणताही निरीक्षक टिकणार नाही, हे गडबमध्ये कोणालाही सांगावं लागत नाही.

त्या दिवसापासून मृणालीने मार्कर आणि पाटी निवडण्याचं काम चाचणी म्हणून हाती घेतलं. तिला दुसरी रीत येत नाही.

पेणच्या बाजारात दाजींचं स्टेशनरीचं दुकान आहे. दाजी हे त्यांचं घरातलं नाव, पण आता दुकानाच्या पाटीवरही तेच आहे. मृणालीने त्यांच्याकडचे सगळे फळ्याचे मार्कर काउंटरवर काढायला लावले. शाळेसाठी का, असं त्यांनी विचारलं. नाही, असं ती म्हणाली आणि तिने प्रत्येक मार्करबद्दल एकच गोष्ट विचारली : लिहून दोन तास झाल्यावर कोरड्या फडक्याने जातो का?

दाजींनी चष्मा वर केला. "दोन तास कोण ठेवतंय, ताई? मास्तर आला, लिहिलं, पस्तीस मिनिटांनी घंटा झाली, पुढच्या मास्तराने पुसलं. त्याच्यापुढचं आम्ही कधी बघितलेलं नाय."

हे उत्तर तिला उपयोगी पडलं. बाजारातला मार्कर पस्तीस मिनिटांसाठी ठीक असतो, एकशेवीस मिनिटांचं कोणी पाहिलेलं नसतं, एवढं कळलं. तिने चार मार्कर घेतले, लाकडी चौकटीची लहान पाटी घेतली, आणि फाइलीत प्रमाणपत्रं ठेवायची पारदर्शक पाकिटं घेतली. नियमांत अशा पाकिटात कोरा कागद घालून त्यावर लिहायची परवानगी होती. पाचवा मार्कर, बारीक टोकाचा, रोह्याला स्टेशनजवळच्या दुकानात मिळाला. तिसरी पाटी म्हणजे लॅमिनेट केलेला जाड कागद. चौथी निकेशने आणली, शेजाऱ्याच्या न्हाणीघराच्या कामातून उरलेली पांढरी लादी.

चाचणी साधी होती. लिहायचं, दहा मिनिटांनी पुसायचं. पुन्हा लिहायचं, एक तासाने पुसायचं. पुन्हा लिहायचं, दोन तासांनी पुसायचं. पुसायचं कोरड्या फडक्याने, तीन वेळा, एकाच दिशेने. काही दिसलं नाही तर शून्य, सावली राहिली तर एक, वाचता आलं तर दोन, तसंच राहिलं तर तीन. फडकंही एकच, सरूबाईंच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा, इतक्या वेळा धुतलेला की त्याचे धागे सुटत नव्हते. पंखा चालू असताना आणि बंद असताना फरक पडतो का, हेही तिने पाहिलं. पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात, पंख्याखाली शाई लवकर सुकते आणि जास्त घट्ट बसते.

दाजींची चौकटीची पाटी दहा मिनिटांना शून्य होती, दोन तासांना दोन. लॅमिनेटचा कागद चांगला निघाला, पण खाडीकडच्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी त्याच्या कडा वळल्या. लादीला सगळीकडे शून्य. निकेश दोन दिवस तोऱ्यात होता. मग मृणालीने परीक्षेच्या संस्थेला मेल करून लादी चालेल का असं विचारलं, कारण आता ती विचारायला शिकली होती. दोन ओळींचं उत्तर आलं : नाही चालणार. लादी सध्या गरम पातेलं ठेवायला वापरतात.

राहिलं ते पारदर्शक पाकीट. त्यावर रोह्याचा बारीक मार्कर, एकशेवीस मिनिटं, पंखा चालू : शून्य. ही चौकट तिने लाल पेनाने गोल केली. तक्ता पूर्ण झाला, साठ नोंदी. तिला वाटलं, काम झालं.

पुढच्या रविवारी सकाळी तिने वेळ लावून सराव परीक्षा दिली. गुण आले सहासष्ट.

गणित तिला येत होतं. चुकलेले प्रश्न तिने नंतर सोडवले तर सगळे सुटले. मग झालं काय, ते तिला दिसेना. निकेश पहिल्या शिफ्टला गेला नव्हता, साप्ताहिक सुट्टी होती. चहाचा कप घेऊन तो टेबलापाशी आला आणि पाकीट उचलून पाहिलं. ते दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, कोपऱ्यापर्यंत. त्याने ते उजेडाकडे धरलं.

"हे काय गो?"

"काय?"

"इथं चुकलीस, तर एक रेघ मारलीयेस. बाजूला सही. आणि तारीख पण टाकलीस."

तिने पाहिलं. खरं होतं. सात ठिकाणी. प्रत्येक चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, बाजूला मृ. घ. आणि दिनांक. आपण हे केलं, याची तिला आठवणसुद्धा नव्हती.

हा तिच्या कामाचा पहिला नियम आहे. प्रयोगशाळेच्या वहीत खोडरबर चालत नाही, पांढरी शाई चालत नाही, आकड्यावर आकडा गिरवणं चालत नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, बरोबर आकडा शेजारी लिहायचा, सही करायची. तपासणीला आलेला माणूस आधी पुसल्याच्या खुणा शोधतो. कंपनीत लागल्यावर पहिल्याच महिन्यात मृणालीने एका साताचा एक केला होता. कर्णिकांनी ते पान सगळ्यांसमोर वाचून दाखवलं नाही. त्यांनी तिला बाजूला बोलावलं, पान दाखवलं आणि विचारलं, हा आकडा उद्या कोर्टात गेला तर तू काय सांगशील? त्यानंतर नऊ वर्षांत तिने एकही आकडा पुसलेला नाही. वहीत नाही, कागदाच्या कपट्यावर नाही, किराणाच्या यादीतसुद्धा नाही. घरातल्या यादीत 'गूळ एक किलो'वर रेघ आणि शेजारी 'अर्धा' असतं.

म्हणजे चाळीस मिनिटांत पाटी भरत होती, आणि उरलेला वेळ ती तोंडी हिशेब करत होती. साठ नोंदी करून तिने सहज पुसली जाणारी पाटी निवडली होती. ती पुसायची असते, हे मात्र तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

तिने प्रयत्न केला. पुढच्या दोन सरावांत तिने ठरवून फडकं उजव्या हाताशी ठेवलं. पण प्रश्न सोडवताना हात फडक्याकडे जात नव्हता, आणि गेला तरी पुसण्याआधी ती सगळं पुन्हा एकदा तपासत होती, कारण एकदा गेलं की गेलं. त्यात वेळ जास्त जात होता. गुण एकदा सदुसष्ट, एकदा पासष्ट.

परीक्षेला पंधरा दिवस उरले होते तेव्हा सरूबाईंनी लक्ष घातलं. त्यांना प्रश्न कळत नव्हते, पण अडचण कळली होती. त्यांनी निकेशकडून मोबाइलवर गजर लावून घेतला, दर दहा मिनिटांनी वाजणारा, आणि पातळाचा तुकडा हातात घेऊन खुर्ची टेबलाशेजारी ओढली. गजर वाजला की त्या वाकून पाकीट पुसायच्या. अर्ध्या गणितात असली तरी. कोरड्या फडक्याने तीन वेळा, एकाच दिशेने, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे.

पहिल्या दिवशी मृणालीने त्यांचा हात धरला. "आई, थांबा, ते अजून तपासायचंय."

"उत्तर त्या मशीनीत टाकलास ना?"

"टाकलं."

"मंग ह्या कशाला ठेवतेस? ह्याला काय भाव हाय?" आणि त्यांनी पुसून टाकलं.

मिठागरावर, कोणी विचारलं तर त्या सांगतात, वाफ्यात मीठ धरलं की ते ओढून काढायचं. आज राहू दे, उद्या ओढू, म्हणणाऱ्याचा वाफा बसतो. पुढचं पाणी घ्यायला जागा राहत नाही. मृणालीला त्यांनी हे सांगितलं नाही. त्या फक्त पुसत राहिल्या. चौथ्या दिवशी मृणालीला राग आला. सहाव्या दिवशी गजर वाजायच्या आधीच पाकीट कोरं होतं. आठव्या दिवशी सरूबाई खुर्ची घेऊन पुन्हा टीव्हीसमोर गेल्या. त्या रविवारी सरावात चौऱ्याहत्तर आले.

त्या दिवसांत बसमध्ये तिच्या मनात एक गोष्ट घोळत होती, असं ती सांगते. शाळा सुटल्यापासून तिने कच्चं काम कधी केलंच नव्हतं. कंपनीच्या वहीत जे लिहायचं ते पक्कंच. आकडा तिच्या हातचा असला तरी वही कंपनीची, आणि ती वही बारा वर्षं जपून ठेवायची असते. कोणी कधीच बघणार नाही, कोणाला दाखवायचं नाही, चुकलं तरी कोणाला जबाब द्यायचा नाही, असं लिहिणं ती विसरून गेली होती. पाकिटावर पुन्हा तसं लिहिताना सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटलं. नंतर अक्षर मोठं झालं. आधी ती राईच्या दाण्याएवढे आकडे काढायची.

परीक्षेच्या दिवशी निकेश पहिल्या शिफ्टला होता. सरूबाईंनी शेजारच्या घरी जाऊन मिक्सर दोन तास लावू नका असं सांगितलं आणि ओट्यावर बसून राहिल्या. मृणालीने निरीक्षकाला खोली दाखवली, रिकामं टेबल दाखवलं. पाकिटातला कागद बाहेर काढून दोन्ही बाजूंनी दाखवला. दोन मार्कर, एक फडकं. ते फडकं त्याने झटकून दाखवायला सांगितलं. तिने झटकलं.

गणिताच्या भागात नववा प्रश्न मिश्रणाचा होता. वीस टक्क्यांचं द्रावण इतकं, पस्तीस टक्क्यांचं इतकं, मिश्रण किती टक्क्यांचं. हे ती आठवड्यातून दोनदा करते. सोडवलं, उत्तर टाकलं, पुसलं. पुढे गेली. शेवटी वेळ उरला एक मिनिट वीस सेकंद. उत्तरांच्या यादीवर नजर टाकताना नवव्यापाशी ती थांबली. आकडे उलटसुलट तर घेतले नाहीत ना, अशी शंका आली. रोजचं काम असलं की अशी शंका जास्त येते, कारण हात मनाच्या पुढे चालतो.

प्रयोगशाळेत असती तर तिने पान मागे उलटलं असतं. तिथे शंकेचं उत्तर वहीत असतं. इथे समोर कोरं पाकीट होतं. पुन्हा सोडवायला दोन मिनिटं लागली असती, होतं त्याहून चाळीस सेकंद जास्त. घाईत सोडवून वेगळं उत्तर आलं असतं, तर दोनांपैकी कुठलं खरं हे ठरवायलाही काही नव्हतं. कंपनीत एक वाक्य रोज ऐकू येतं : लिहिलेलं नाही ते केलेलं नाही. त्या हिशेबाने तिने नववा प्रश्न सोडवलाच नव्हता. तिने मार्करला टोपण लावलं आणि उरलेली सेकंदं संपू दिली.

निरीक्षकाने पाटी पुसायला सांगितली. पाकिटावर शेवटच्या प्रश्नाच्या दोनच ओळी होत्या. तीन हात फिरवायची गरज नव्हती, तरी तिने तीन फिरवले. दोन्ही बाजू दाखवल्या. कागद बाहेर काढून दाखवला. निरीक्षकाने आभार मानले. मग पडद्यावर गुण आले. गणित : एकाहत्तर.

नववा प्रश्न बरोबर होता की चूक, हे तिला कधीच कळणार नाही. ही परीक्षा तेवढं सांगत नाही. एकाहत्तरमधून तो काढला तर काय उरतं, हा हिशेब तिने एकदाच केला.

बाहेर आल्यावर सरूबाईंनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं. हात स्वच्छ होते. मागच्या वेळी बोटं निळी झाली होती. "पुसला?" त्यांनी विचारलं. मृणालीने मान हलवली. त्या मिक्सर लावायला हरकत नाही असं सांगायला शेजारी गेल्या.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिफारसपत्राचं काम निघालं. कर्णिकांनी ते स्वतः टाइप केलं, कंपनीच्या कागदावर छापलं आणि तिला केबिनमध्ये बोलावलं. गुण त्यांना माहीत होते. तरी त्यांनी विचारलं, नमुन्याबद्दल विचारतात तसं, "कच्चं काम ठेवलंयस का? बघू जरा."

"पुसलं, सर. पुसूनच दाखवायचं होतं."

"सगळं?"

"सगळं."

 कर्णिकांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. मृणालीने ते उभ्यानेच वाचलं. एक पान, इंग्रजीत. विशेषणं फार नव्हती. दुसऱ्या परिच्छेदात 'गेली आठ वर्षे' असं होतं. तिने बोट ठेवलं आणि नऊ झाली, असं सांगितलं. कर्णिकांनी पत्र परत घेतलं, खिशातलं पेन काढलं, 'आठ'वर एक आडवी रेघ मारली, वर 'नऊ' लिहिलं, शेजारी दि. क. आणि तारीख.

तिने विचारलं, "नवीन प्रिंट काढू का, सर? फाइल तर आहेच कॉम्प्युटरमध्ये."

"का? चुकलं होतं, दुरुस्त केलं, सही केली. आणखी काय पाहिजे त्यांना?"

नवीन प्रिंट एका मिनिटाचं काम होतं. प्रिंटर केबिनबाहेरच आहे. मृणाली पत्र हातात घेऊन त्याच्यापाशी थोडी थांबली. मग तिने शेजारच्या स्कॅनरचं झाकण उघडलं, पत्र काचेवर पालथं ठेवलं आणि बटण दाबलं. सत्तावीस नोव्हेंबरला, मुदतीला चार दिवस असताना, दोन्ही विद्यापीठांकडे अर्ज गेले. खालचं 'आठ' नीट वाचता येतंय ना, हे तिने पाठवण्याआधी पडद्यावर मोठं करून पाहिलं होतं.